गाडी थांबली का?

अकरावीला मी नांदेडला आले. जळकोटजवळच्या आमच्या गावातून सायन्स घेऊन बाहेर पडलेली घरातली मी पहिलीच. दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालं होतं, इथे पुस्तक इंग्रजी. शब्द कळायचे, तरी फिजिक्सचं उदाहरण सुटायचं नाही, आणि हे कुणाला नीट सांगताही यायचं नाही. सर म्हणायचे, आधी दिलेलं लिहा, मग सूत्र, मग किमती टाका. मी दिलेलं लिहायचे आणि तिथेच बसून राहायचे. गतीची समीकरणं पाठ होती. कोणतं कुठे लावायचं, तेवढंच येत नव्हतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी होस्टेलवरून आईला फोन लावला. मला हे जमत नाही, मी परत येऊन आर्ट्स घेते, असं सांगायचं ठरवलं होतं. पण आईनं जेवणाचं विचारलं, मग काय करून राहिलीस म्हणून विचारलं. एक गणित अडलंय, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"वाच की मला," ती म्हणाली. ती शेंगा सोलत होती, टरफलांचा आवाज येत होता.

तिला काय सांगणार, असं वाटलं. तरी मराठीत सांगितलं. एक गाडी सेकंदाला वीस मीटर वेगानं चाललीय. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. पन्नास मीटरवर जाऊन गाडी थांबली. तर वेग दर सेकंदाला किती बदलला, ते काढायचं.

"पुढं कोण आलं होतं?"

"ते पुस्तकात न्हाई लिहिलं, आई."

"लेकरू-बिकरू असंल. थांबली ना पण गाडी?"

"हाव."

"पार थांबली?"

"पार थांबली."

"मग बरं झालं," म्हणत ती पुन्हा शेंगांकडे वळली. तिच्या लेखी गणित संपलं होतं.

मी वहीकडे बघत राहिले. शेवटच्या वेगापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण पुस्तकात त्याचा आकडाच नव्हता. मी नुसते आकडे शोधत होते. पार थांबलेल्या गाडीचा वेग शून्य. प्रश्नचिन्ह खोडून शून्य लिहिलं. वेळ दिलेली नाही, म्हणजे ज्यात वेळ नाही ते समीकरण. पुढचं आपोआप होत गेलं.

"सुटलं," मी म्हणाले.

"किती आलं?"

"उणे चार."

"उणे? चुकलं का मग?"

वेग कमी होत गेला म्हणून उणे, उत्तर बरोबर आहे, असं मी समजावलं. तिला पटलं की नाही, माहीत नाही. फोन कशाला केला होतास, असं तिनं शेवटी विचारलं. सहजच, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चाचणीत गाडी नव्हती. सरळ वर फेकलेला चेंडू होता, आणि तो किती उंच जाईल ते काढायचं होतं. मी तो प्रश्न मनातल्या मनात आईला सांगितला. चेंडू वर गेला, जात राहिला, मग एका जागी थांबला. पार थांबला का, क्षणभरासाठी का होईना? हाव. मी आधी शून्य लिहिलं आणि मग सूत्र.