आक्काची गाय

धाकटी बहीण पिंकी तिसरीत गेली त्या वर्षी आमच्या घरात चौघंजण तिसरीत होते.

पाढे ती लिहायची आणि आई चपात्या लाटता लाटता ते मोठ्यानं म्हणायची. (सतराच्या पाढ्याला हटकून दूध उतू जायचं!) आप्पा फौंड्रीतून आले की हातही न धुता तिच्या चिकटवहीसाठी पेपरातले रानटी प्राणी कापायला बसायचे, त्यामुळे आम्ही बातम्या भोकांच्या कडेकडेनं वाचायचो. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत टीव्ही बंद, जेवण थंड, आणि रोज सकाळी शाळेच्या वेळेला पिंकीचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी पोट तपासलं, मग दप्तर उचलून बघितलं आणि म्हणाले, आजार ह्यात आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि घरात फक्त वैचारिक पाठिंबा द्यायचे. माझी अक्षरओळखच मुळी आप्पांच्या युनियनच्या पत्रकांवर झालेली. गृहपाठ ही लहान मुलांची वेठबिगारी आहे, हे माझं जाहीर मत होतं. पण तो दुसऱ्यानं लिहून देणं ही त्याहून मोठी लबाडी, हेही जाहीर मतच होतं!

अशात एका शनिवारी बाईंनी सोमवारसाठी तीन निबंध दिले. रविवारी बिद्रीला मामाचं गुऱ्हाळ होतं. पिंकी आठवडाभर झोपेतसुद्धा गरम काकवी चाटत होती.

"निबंध न्हाईत तर गुऱ्हाळ न्हाई," आईनं जाहीर केलं.

पिंकीनं वहीत 'गाय' एवढंच लिहिलं आणि त्यावर टपकन पाण्याचा थेंब पडला. रडण्याचा आवाज नाही. आवाज असता तर मी तत्त्वावर टिकले असते! मी वही ओढली आणि डाव्या हातानं लिहायला लागले, म्हणजे अक्षर तिसरीतलं वाटावं.

"आक्का, माझं अक्षर ह्यापरास बरं हाय की," पिंकी म्हणाली.

गुऱ्हाळ झकास झालं. सोमवारी शाळेतून बोलावणं आलं: वडिलांना, आणि घरात आणखी जो कोणी लिहितो त्याला.

बाई शांतपणे वाचू लागल्या. "'गाय हा कष्टकरी प्राणी आहे. तिच्या दुधाचं पुढं काय होतं, हे तिला कोणीही विचारत नाही. वेळेवर पेंड न मिळाल्यास ती दूध बंद ठेवील व होणाऱ्या परिणामांची जबाबदारी मालकावर राहील.'"

आप्पांनी मान डोलावली. कौतुकानं! (शेवटचं वाक्य त्यांच्याच पत्रकातलं होतं.) मी त्यांना कोपरानं ढोसलं, तोवर बाई 'माझी आई'वर पोचल्या होत्या. आईला साप्ताहिक सुट्टी आणि स्टोव्हच्या धुराचा भत्ता मिळालाच पाहिजे, अशी तिसरीतल्या पिंकीची मागणी होती.

"हे कुणी लिहिलं गं?" बाईंनी पिंकीला विचारलं.

"मी न्हाई सांगणार. आक्का रागावंल."

मग मीच उसळले. थंड जेवण, बंद टीव्ही, भोकांचा पेपर, सगळं बोलले. शेवटी रोजची पोटदुखी आली तेव्हा बाईंनी वही मिटली.

"पोट दुखतं तिचं? मला कोणी सांगितलंच नाही."

अख्ख्या पेठेत पत्रकं वाटणाऱ्या आमच्या घरानं बाईंना दोन ओळींची चिठ्ठी पाठवली नव्हती!

"पिंकीचा गृहपाठ निम्मा करते," बाई म्हणाल्या, "पण आधी तुझा येऊ दे. गाय. दहा ओळी. मागणी एकही नको."

मी दोन दिवस बसले. गाय पाच ओळी सरळ चालायची आणि सहाव्या ओळीला संपावर जायची. पिंकी दर तासाला येऊन, झालं का, विचारायची. दुसऱ्या संध्याकाळी माझं पोट दुखायला लागलं. शेवटी तिनंच वही ओढली आणि पाच मिनिटांत दहा ओळी लिहून काढल्या. डाव्या हातानं, म्हणजे अक्षर माझं वाटावं.

बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला आणि पिंकीचा गृहपाठ निम्मा झाला. माझ्या नावावर आजवर मिळालेला तो एकमेव 'छान'. तत्त्व म्हणून परत करायला हवा होता. वही अजून माझ्याकडं आहे.