पट्टी कोणी सोडायची

इंटर्नशिपमध्ये काय शिकलीस, असं कुणी विचारलं की मी सांगते, पोस्टिंग बदलायला शिकले. बाकी जे शिकले ते अर्धवट. एखादं काम हाताला बसतंय असं वाटायला लागलं की बदलीचा कागद यायचा, बॅग भरायची आणि नव्या ठिकाणी पुन्हा 'नवीन डॉक्टर' म्हणून उभं राहायचं. जुन्या पेशंटचं काय झालं हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर वरिष्ठ म्हणायचे, "तुम्ही शिकायला आलात, संसार थाटायला नाही."

पेणला खाडीकडच्या एका सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक होती. तिथल्या ड्रेसिंगच्या खोलीत एक म्हातारी यायची. मिठागरात काम करणारी, अंगात साखरेचा आजार, उजव्या तळपायाला जखम. साखरेमुळे पायाची संवेदनाच गेली होती, त्यामुळे तिला काही दुखत नसे. दुखत नाही म्हणजे फारसं काही नाही, असा तिचा हिशेब. जखम चिघळली तर पाय कापावा लागेल, हे मी तिला आणि सोबत येणाऱ्या तिच्या सुनेला सांगून सांगून थकले होते.

मी स्वच्छ पट्टी बांधून पाठवायची आणि पुढच्या वेळी जखमेत मिठाचे कण असायचे. पट्टी मात्र व्यवस्थित. हा काय प्रकार आहे ते मला बरेच दिवस उलगडेना. शेवटी सुनेनेच सांगितलं. सासू सकाळी पट्टी सोडून खुंटीला टांगते, अनवाणी मिठागरात उतरते आणि घरी आली की तीच पट्टी पुन्हा बांधते.

"चपला घालून उतरायला काय होतं?" मी विचारलं.

"चपलेनं तळ उकरतो गो बाय. मग मिठात चिखल येतो. मालक उभा करल का?" म्हातारी म्हणाली. "आणि तुझी पट्टी चांगली हाय, ती कशाला भिजवायची?"

मी कपाळावर हात मारला. माझी पट्टी जपण्यासाठी ही बाई उघडी जखम खाऱ्या पाण्यात बुडवत होती.

दवाखान्यातल्या वरिष्ठ डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की इथे शास्त्र सांगत बसू नका, दम द्या. मी दम दिला. "ही पट्टी माझ्याशिवाय कुणी सोडायची नाही. तुम्ही नाही, सुनेने नाही, कुणीच नाही. सोडलेली दिसली तर मी पायाला हात लावणार नाही."

तिने पाय माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "बरं. तूच सोड."

आणि तिने शब्द पाळला. मिठागरात जाणं बंद केलं. सून एकटी कामाला जायला लागली आणि म्हातारी ओट्यावर पाय वर ठेवून बसून राहायची. जखम लाल, स्वच्छ दिसायला लागली, कडेने भरून यायला लागली. वर्षभरात मला मनापासून आनंद झाला असा तो एकच प्रसंग. पाय वाचणार याची मला खात्री वाटायला लागली होती.

तेवढ्यात कागद आला. रोहा. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं.

माझ्या जागी आलेल्या मुलाला मी म्हातारीबद्दल सगळं समजावलं. तिला मात्र सांगता आलं नाही, कारण तिचा यायचा दिवस तो नव्हता.

रोह्याकडच्या दवाखान्यात वेगळीच गर्दी. धाटावच्या रसायनाच्या कंपन्यांतून शिफ्ट सुटली की कुणी भाजलेला हात घेऊन यायचा, कुणी डोळे चोळत. मी नव्याने कापूस कुठे, कात्री कुठे हे विचारत होते आणि मनातल्या मनात चिडत होते.

एका सकाळी ओपीडीत सडलेल्या जखमेचा वास आला. वर बघितलं तर दारात म्हातारी, सुनेच्या खांद्यावर भार देऊन उभी. पेणहून नागोठण्यापर्यंत एक एसटी, तिथून दुसरी. पायाला पट्टी तीच, मी बांधलेली. पिवळी पडून कडक झाली होती.

"पट्टी बदलली नाही?" माझा आवाज चढला.

"तो पोऱ्या सोडायला बघत होता. मी सोडू दिली नाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडा अभिमानच होता.

सून रडवेली झाली होती. "दर खेपंला इचारलं, डॉक्टरीणबाय कुठं? केसपेपरच्या खिडकीवरचा बोलं, येतील, उद्या या. काल एकजण बोलला का त्या रोह्याला गेल्या."

इथल्या वरिष्ठांनी दारातूनच विचारलं, "पेणचा पेशंट ना? मग पेणलाच पाठवा." मी त्यांचं ऐकलं नाही. तिला टेबलावर घेतलं आणि पट्टी भिजवून सोडली. दोन बोटं काळी पडली होती आणि सूज घोट्याच्या वर गेली होती. मला त्या मुलाचा राग आला, खिडकीवरच्या माणसाचा आला, त्या कागदाचा आला, आणि एवढ्या आज्ञाधारकपणे बसून राहिलेल्या म्हातारीचाही आला. कुणावर ओरडावं तेच कळेना.

अलिबागला जिल्हा रुग्णालयात पाठवण्यावाचून इलाज नव्हता. मी गाडीची सोय केली, जखम धुऊन नवी पट्टी बांधली आणि तिच्याजवळ बसले.

"आज्जी, तिकडे बोटं काढावी लागतील. वेळ लावला नाही तर पाय राहील. तिकडे जो डॉक्टर असेल त्याला पट्टी सोडू द्यायची. कुणीही असला तरी."

"तू नाय येत?"

"मला सोडत नाहीत."

तिने नव्या पट्टीवरून हात फिरवला. रागावली नव्हती. थोडा विचार करून तिने सरळच विचारलं, "मग तो तिकडला डॉक्टर किती दिस हाय?"

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. सुनेने तिला उठवलं. मी दुसऱ्या बाजूने आधार देत गाडीपर्यंत गेले, आणि पट्टीचा पाय स्वतः उचलून आत ठेवला.