बिनसनदेचा वकील आणि बांधावरचा माड

सनद हातात पडेपर्यंत माणूस वकील नसतो, ही गोष्ट आमच्या आचरे गावात फक्त मला ठाऊक होती आणि मी ती कुणालाच सांगितली नाही.

मुद्दाम लपवली, असं नाही. मी मुळातच मुखदुर्बळ. शाळेत हजेरीला "हजर" म्हणायलासुद्धा लाजायचो, त्यामुळे रोज पहिल्या बाकावर बसूनही मी शाळेच्या दफ्तरी बराचसा गैरहजरच होतो! अशा मुलाला वकील करायचं खूळ बाबांच्या डोक्यात कुठून आलं, ते आईला कळेना. तिने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "अगो, हेना आजपर्यंत बोलणां खर्चच केल्यान नाय. सगळां शिल्लक आसा. कोर्टात भायर काढीत!"

खरं कारण होतं एक माड. आमची बाग आणि शेजारच्या मास्तरांची बाग यांच्यामधल्या बांधावर तो उभा होता. मुळं मास्तरांकडे, शेंडा आमच्याकडे. आमच्या मुलखात दावा लावायला एवढं पुरतं. (इतरत्र लोक जमिनीसाठी भांडतात, आम्ही सावली कुठे पडते यावरूनही तारखा घेतो.) मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, अख्ख्या गावाचे. त्यांनी मालवणच्या कोर्टात दावा लावला, की माड आपला आहे, तरी शेजाऱ्यांना त्याला हात लावायची मनाई व्हावी. प्रतिवादी क्रमांक एक, आमचे बाबा. प्रतिवादी क्रमांक दोन, मी. कारण माडावर चढायचो मी.

बाबांच्या मते तो माड आजोबांनी लावलेला होता. आणि प्रश्न माडाचा राहिला नव्हता. आमची विहीर मास्तरांच्या पायरीसमोर. "हरलंव तर जल्मभर मास्तराच्या तोंडाकडे बघून दात घासूक लागतले," असं बाबा म्हणत, आणि नुसत्या कल्पनेनेच खळखळून चूळ भरत.

कोल्हापूरला राहून मी एकदाचा एलएल.बी. झालो. आता, नुसती पदवी म्हणजे अर्धी वाट. पुढे मुंबईला बार कौन्सिलकडे अर्ज करायचा. सोबत वयाचा दाखला, दोन प्रतिष्ठित माणसांनी दिलेलं चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र, आणि मी कुठे नोकरी वा धंदा करत नाही असं शपथेवर लिहून द्यायचं. मग सनद. मी तर निकाल लागेपर्यंत म्हणून तळेऱ्याच्या बाजूला एका हायस्कुलात तात्पुरती मास्तरकी धरलेली! ती सोडल्याशिवाय शपथ घेता येईना, आणि सोडतो म्हणून तिथल्या हेडमास्तरांना सांगायला तोंड उघडेना. (हल्ली म्हणे सनद मिळाल्यावर वर आणखी एक परीक्षाही असते. आमच्या वेळी नव्हती. असती तर बरं झालं असतं, नापास होऊन सुटलो असतो.)

हे सगळं मी बाबांना सांगणार होतो. पण त्याआधीच ते मला देवळात घेऊन गेले. आमच्याकडे कुठलीही गोष्ट देवाच्या कानावर घातल्याशिवाय पक्की होत नाही, आणि घातली की मग कुणाच्या बापाला बदलता येत नाही. गावकऱ्याने देवापुढे नारळ ठेवला आणि साऱ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान वकिलीची परीक्षा पास केल्यान हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे.

"आता गावाची कोर्टातली कामां हेच्या हातान फत्ते करून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"थांबा, अजून सनद..." म्हणायला मी तोंड उघडलं. पुजाऱ्याने त्यात गूळखोबरं घातलं.

झाली नोंदणी! प्रत्यक्ष देवापुढे झाली, तिथे मुंबईच्या बार कौन्सिलला कोण विचारतो? दुसऱ्या दिवसापासून आमची पडवी अशिलांनी भरली. कुणाची पाणंद अडवलेली, कुणाच्या फणसाचे फणस चुलतभावाने उतरवलेले. शाळेला सुट्टी होती, मी प्रत्येकाचं ऐकून घेऊन नुसती मान हलवायचो. "काय गंभीर वकील हा!" म्हणत लोक समाधानाने घरी जायचे.

माडाच्या दाव्याची तारीख आली. आमचे वकील होते नाना वकील, वयाने आणि दम्याने थकलेले, पण कायदा पाठ. आदल्या दिवशी मी बाबांना सहज म्हटलं, "नाना उद्या वेळेवर येतले मां?"

"कित्याक? तेंका मी कधीच मोकळे केलंय. घरात वकील आसताना भायरचो कित्याक?"

आता सांगणं भागच होतं. "बाबा, माका अजून सनद नाय."

"ती आणि काय?"

"मुंबईसून येता. ती नसली तर कोर्टात वकील म्हणून उभ्या रवाक गावणा नाय."

बाबांनी क्षणभर विचार केला. "येतली मगे. मुंबईची गाडी हल्ली लेटच आसता."

"पण उद्या..."

"कोट आसा मां? कोट घाल आणि उभो रव. कोण इचारता!"

कोट होता. बाबांनी निकालाआधीच शिवून घेतला होता, तोही लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवणाऱ्या टेलरकडून. खांद्यावर झालर नव्हती एवढंच.

कोर्टात आमचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारलं, "प्रतिवादींतर्फे कोण?"

बाबांनी कोपर मारलं. मी उभा राहिलो.

"वकीलपत्र?"

मी कोटाचे खिसे चाचपले.

"सनद तरी झाली आहे का?"

मागून बाबा ओरडले, "वाटेत आसा, सायब!"

"कोट काढा," न्यायाधीश शांतपणे म्हणाले.

मी कोट काढला. बाबांनी तो नीट घडी करून, ताप आलेल्या पोराला घ्यावं तसा मांडीवर घेतला.

इथे सगळं संपलं असतं, तर मी आज ताठ मानेने विहिरीवर दात घासत असतो. पण न्यायाधीश दयाळू निघाले. कागद चाळून म्हणाले, "तुम्ही स्वतः प्रतिवादी क्रमांक दोन आहात ना? मग स्वतःपुरतं बोलायला सनद लागत नाही. आज तुमच्या साक्षीचीच तारीख आहे. या, शपथ घ्या."

मी पिंजऱ्यात चढलो, शपथ घेतली, आणि काय झालं कुणास ठाऊक, शिल्लक भायर येऊ लागली! ताबा कसा असावा? उघड असावा, निर्वेध असावा, अखंड असावा! परीक्षेत हे उत्तर मी सुंदर लिहिलं होतं. तेच घडाघडा बोललो. आम्ही वर्षानुवर्षं त्या माडाची शहाळी काढत आलो आहोत, मी स्वतः काढली आहेत, असं ठणकावून सांगितलं. बाबा आजूबाजूच्या लोकांकडे बघत होते. डोळे भरलेले.

मास्तरांचे वकील तपकीर ओढत सावकाश उठले. "फारच छान. ही शहाळी आपण कधी काढत होता?"

"उन्हाळ्यात. दुपारी."

"दुपारीच का?"

"तेव्हा मास्तर जेवून झोपलेले असायचे ना!"

न्यायाधीशांचं पेन थांबलं. कायद्याचं पहिलं पुस्तक नुसतं उशाला घेऊन झोपलेला माणूससुद्धा इथे गप्प बसला असता. पण मी जन्मात पहिल्यांदा रंगात आलो होतो!

"माड तुमचा. मग मास्तर झोपले काय नि जागे काय?"

"जागे असले तर ओरडायचे!"

"अरेरे. आणि मध्येच उठले म्हणजे? आपण तर वर शेंड्यात."

"त्याची सोय होती," मी अभिमानाने म्हणालो. "बाबा खाली उभे असायचे. मास्तरांच्या दाराची कडी वाजली की खोकायचे."

आणि त्याच क्षणी, मला गप्प करण्यासाठी, मागे बाबा खोकले. दोन आखूड, एक लांब. तोच खोकला!

सवय वाईट. विचार करायला मला वेळच मिळाला नाही. मी पिंजऱ्याच्या कठड्याला मिठी मारली, सरसर खाली उतरलो आणि दाराकडे पळालो. दारात शिपायाने धरलं तेव्हा मला आठवलं, की आपण कोर्टात आहोत.

अख्खं कोर्ट हसत होतं. न्यायाधीश हसले नाहीत. लेखनिकाकडे वळून म्हणाले, "हेही लिहून घ्या. प्रतिवादी क्रमांक एक खोकले. प्रतिवादी क्रमांक दोन पळाले."

दावा आम्ही हरलो, हे सांगायला नको. पण आजवर न बोललेली गोष्ट ही, की माड बहुतेक आमचाच होता. मास्तरांनी बाबांनाही शाळेत शिकवलं होतं, झोडपलं होतं. बाबा स्वतः बाप झाले तरी मास्तरांच्या दाराची कडी वाजली की त्यांना अजून छडीच दिसायची. आम्ही चोर नव्हतो, भित्रे होतो. पण हे नाना वकिलांनी नीट मांडलं असतं. माझ्या जिभेवर त्या दिवशी फक्त शहाळी होती.

परतीच्या एस्टीत बाबा मांडीवरचा कोट कुरवाळत बसले होते. घर जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "इतक्या वर्सात एक दिस बोललस, रघू. तो नेमको आजच?"

लाजेने मी तळेऱ्याची नोकरी सोडली आणि सनदेचा अर्ज केला. वर्तणुकीचं एक प्रमाणपत्र मालवणच्या एका डॉक्टरांनी दिलं, कारण ते मला फारसे ओळखत नव्हते. दुसरं कुणाचं आणायचं? गावात 'प्रतिष्ठित' म्हणावं असं माणूस एकच. मी खाली मान घालून मास्तरांच्या पायरीवर उभा राहिलो. त्यांनी काही न विचारता आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं: 'स्वतःच्या घराचे नुकसान झाले तरी हा मुलगा सत्य लपवीत नाही, हे मी न्यायालयात प्रत्यक्ष पाहिले आहे.'

वर एक शहाळंही दिलं. "बसून पी. खोकायला कुणी लागणार नाही."

बाबांनी ते प्रमाणपत्र दोनदा वाचलं. "ह्या धाडतलस मुंबईक? मेल्या, ह्या वाचून तुका वकील कोण करतलो?"

केलं! मुंबईला आचऱ्यातल्या गजाली, म्हणजे गावगप्पा, कळत नाहीत. आचऱ्याला मात्र कळतात. सनद आली आणि पडवी रिकामी झाली. तेव्हापासून मी खरेदीखतं आणि मृत्युपत्रं करतो. त्यात अशील बोलतो आणि मी लिहितो. कधी नाइलाजाने कोर्टात उभं राहावंच लागलं, तर आधी सगळ्या बाकांवरून नजर फिरवून घेतो. सर्दी झालेलं कुणी नाही ना!