मास्तरांनी एसीला हात घातला

मास्तरांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. पण हे हात शिलाई मशीनवर उगाच अडकले, एरवी त्यांनी विमानही दुरुस्त केलं असतं, असा त्यांचा ठाम समज होता. दुकान बंद करून घरी बसल्यापासून हा समज घरातल्या वस्तूंवर निघत होता. मिक्सर झाला, इस्त्री झाली, दाराची बेल झाली. बेल आता दार उघडल्यावर वाजते. मास्तर म्हणतात, वाजते ना!

म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर एसी गरम वारा फेकू लागला, तेव्हा बायकोने त्यांना न विचारता मेकॅनिकला फोन केला.

"चार वाजता येतोय तो. तोवर एसीला हात लावायचा नाही."

"कोण? तो कोपऱ्यावरचा?"

"तोच. दुसरा आहे कोण?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या मेकॅनिकची लग्नातली पँट त्यांनी शिवली होती आणि ती ऐन फोटोच्या वेळी नको तिथे उसवली होती. दोष कापडाचा होता, हे मास्तर आजही छातीठोकपणे सांगतात. मेकॅनिक गेली वीस वर्षं भेटेल त्याला वेगळंच सांगतो. असा माणूस आपल्या स्टुलावर चढून आपल्यालाच "बाजूला व्हा" म्हणणार? छे! चारच्या आत एसी गार झालाच पाहिजे.

बायको शेजारच्या खोलीत जरा आडवी झाली, तसा मास्तरांनी एसीचा मेन स्विच बंद केला. टाचण्या धरायच्या सवयीने स्क्रू ओठांत धरले आणि कामाला लागले. जाळ्या धुतल्या. आतल्या पत्र्यांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढली. पाण्याच्या नळीत फुंकर मारली, तर आतलं घाण पाणी त्यांच्याच तोंडावर आलं. एसीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यांनी सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला. तो त्यांनी मुकाट्याने खिशात टाकला.

एसी लावला. पाच मिनिटं गार, मग बाहेरची घरघर बंद आणि पुन्हा तोच गरम वारा. सव्वातीन वाजले होते.

म्हणजे दुखणं बाहेरच्या युनिटचं. मास्तर मागच्या बाल्कनीत गेले, वाकले आणि स्क्रू चाचपू लागले. स्क्रू नव्हते. बटणं होती. बटणांना काजं होती आणि काजं हातची होती.

मास्तर मटकन खाली बसले. थंडीत एसी बंद असताना धूळ बसू नये म्हणून त्यांनीच हे कव्हर शिवलं होतं. ढगळ नव्हे, चारी बाजूंनी अगदी अंगाबरोबर, नळ्यांपुरतं भोक ठेवून. रंगही युनिटशी असा जुळवला होता की कव्हर आहे हेच ते विसरून गेले. बिचारं यंत्र आठवडाभर आत गुदमरत होतं. मास्तरांना मनापासून लाज वाटली. त्या लाजेतही त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. कुठे एक चुणी नव्हती.

कव्हर त्यांनी कठड्यावर टाकलं. युनिट थोडं निवल्यावर एसी लावला आणि खोली खरोखरच गार पडू लागली. चारला मेकॅनिक दारात हजर.

"झाला दुरुस्त," मास्तर म्हणाले. "आलाच आहात तर पाणी प्या."

मेकॅनिकने वाऱ्यापुढे हात धरला. "काय झालं होतं?"

"आतलं काम होतं. सांगून कळायचं नाही."

झोपेतून उठून आलेली बायको त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. असं तिने याआधी कधी बघितलं होतं, ते मास्तरांना आठवेना. त्यांना फार बरं वाटलं. आता हा माणूस गेला की झालं.

पण मेकॅनिक सवयीने बाल्कनीत डोकावला. त्याने कव्हर उचललं, उलटं केलं, आतली शिवण निरखून पाहिली.

"काकू, हे कुठल्या दुकानातून आणलंत? असं फिटिंग मी आजवर पाहिलं नाही."

बायकोला काही आठवेना. मास्तरांनी फक्त गप्प बसायचं होतं. ते तीन-चार सेकंद बसलेही.

"दुकानातून?" ते कडाडले. "अहो, मी शिवलंय ते! माप घेऊन! आत्ता तासापूर्वीपर्यंत त्याच्या अंगावर होतं, आत वाऱ्याची झुळूक शिरली असेल तर सांगा!"