मिंकोआबाच्या फाटकावरचा कागद

बाल्कन डोंगराकडच्या त्या गावात माणूस गेलं की पाद्र्याच्या आधी झ्लाटिनाकडं निरोप जायचा. छापखाना तिचा. मेलेल्याचा फोटो, खाली दोन ओळी, भोवती जाडजूड काळी चौकट, असा दुखवट्याचा कागद ती करायची. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाटकावर, खांबावर, चर्चच्या दारावर लावायचा. जुना काढायचा नाही, ही रीत. वाऱ्यानं सुटला की पिशवीसकट ओढ्यात.

एका वर्षी पुलाखाली ओढा तुंबला. उपसायला गेलेल्यांच्या फावड्याला गाळासंगं पिशव्याच आल्या, आणि एकेका पिशवीतनं ओळखीची तोंडं बघायला लागली. त्यात झ्लाटिनाचा सख्खा काकाही होता.

तिनं संगणकाच्या पडद्यावर नवा कागद मांडला. निम्म्या मापाचा, चौकट केसाएवढी, अक्षरं बारीक, शाई बेताची. प्लास्टिक बंद, वरनं गरम मेणाचा हात. पण घेईना कुणी. "मेलेल्यातबी काटकसर करती," बायका म्हणायच्या.

मग मिंकोआबाची बायको स्तांका गेली.

"मोठा कर, रस्त्यावरनं वाचता आला पायजे," आबा म्हणाला. वरच्या आळीला त्याचं एकट्याचंच घर उरलेलं. "चाळिसाव्या दिवसाला तिच्या नावानं गोड गहू शिजवनार हाय. मानसं नाय आली तर पातेलं घिऊन कुनाच्या दारात बसू?"

"आबा, ह्यो लावून बघा. नाय जमला तर मोठा करून देते."

"ही मुंगीची अक्षरं वाचनार कोन?"

"जवळ येऊन वाचतील की."

"जवळ यायला त्यो काय राकिया दारूचा गिलास हाय?"

तरी त्यानं घेतला. ओढा उपसताना स्तांकाच्या बहिणीची पिशवी त्याच्याच फावड्याला लागली होती. "हिला गाळात नको," एवढंच बोलला.

पुढं पाऊस लागून राहिला. झ्लाटिनाच्या जिवाला घोर. मोठा कागद काखेत मारून ती वर गेली, तर फाटकाशी तिघं जण नाक लावून वाचत उभे. रस्त्यावरनं अक्षर लागत नव्हतं, म्हणून जो तो गाडी थांबवून उतरायचा. उतरला की आबा ओसरीवरनं हाक मारायचा. मग बाकावर बसून राकिया आणि स्तांकाच्या गोष्टी. मेणानं कागद धरला होता, एक कोपरा तेवढा ओघळलेला.

"कोपरा गेला, आबा."

"जाऊ दे. तिच्या एप्रनचा कोपराबी कायम वलाच असायचा."

काखेतला कागद तिनं तसाच परत नेला.

चाळिसाव्याला माणूस मावेना. पातेलं खरवडून निघालं. दुसऱ्या दिवशी आबा बाजूला काढलेला वाटीभर गोड गहू घेऊन छापखान्यात आला.

"कागद काढला, फोटो कापून ठिवला आन् बाकीचा चुलीत घातला. मेणानं काय पेटला, पोरी. काडी एकच लागली. स्तांकानं उभ्या जन्मात दुसरी काडी वढली नाय." मग दाराकडं वळत म्हणाला, "सा महिन्यांनी लावायचा कागदबी असाच कर. खालच्या आळीतल्या दोघांनी सांगून ठिवलंय, आमचाबी असाच."

झ्लाटिनानं उभ्या उभ्याच गहू खाल्ला, वाटी धुतली आणि अक्रोडांनी भरून त्याच्या हातात दिली.