मालोजीचं थँक्यू

सेहेचाळीस साली मालोजी पलटणीतून पळसदरीला परतला तो एक पत्र्याची पेटी, पोटरीवर लांबट वण आणि ‘थँक्यू’ हा शब्द घेऊन. परमुलखातल्या इस्पितळात कुणीतरी त्याला पाणी पाजलं होतं. त्याची भाषा याला येत नव्हती, याची त्याला. दोघांच्या मधल्या अंधारात हा एवढाच शब्द होता. तो मग जिभेवरून उतरलाच नाही. बायकोनं, गोदूबाईनं, भाकरी वाढली की थँक्यू. कुणी वाट सोडली की थँक्यू. बैलानं जुवाखाली मान घातली तरी थँक्यू.

भाताची लावणी आली. गावात सावड चाले: आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. पहिले दोन दिवस मालोजीचे. पहिल्या दिवशी खालचं खाचर लावून झालं, वरच्यासाठी रोपं उपटून मुठी बांधल्या. संध्याकाळी बांधावर उभं राहून, छातीवर हात ठेवून मालोजी एकेकाला म्हणाला, “थँक्यू!”

सकाळी बोलावूनही कुणी आलं नाही. मुठी पडून होत्या, पाती पिवळी पडायला लागली.

गोदूबाईनं शेजारच्या म्हाताऱ्या अंबूबाईला गाठलं. “आत्ये, काय चुकलं गं आमचं?”

“चुकलं कुटं? तुज्या सायबानं काल एका शब्दात सारं मिटवलं. आता आमच्या चिखलात तो कशाला वाकंल?”

“आगं, लई चांगला अर्थ हाय त्याचा!”

“आसंल. पन तो शब्द बोलला की मानूस मोकळा. आमाला मोकळं नाय व्हायचं.”

मालोजीनं ते कुडाआडून ऐकलं. गाव अंबूबाईच्या शेतात लावणीला जमलं होतं, तिथं तो उतरला आणि रोपं लावू लागला. वण चिखलात ठणकत होता.

“तुजी रोपं सुकतील रं,” ती म्हणाली.

“सुकंनात.”

दिवस मावळला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्याचे ओठ सवयीनं उघडले, मिटले.

“बोल की! घशात आडकलं काय?” अंबूबाई म्हणाली आणि सगळं खाचर हसलं.

दुसऱ्या सकाळी मालोजी पोचला तेव्हा त्याच्या वरच्या खाचरात अर्धी रांग वाकलेली होती. “आला का सायेब!” रांगेतला गजा ओरडला. बरीच रोपं तगली होती. संध्याकाळी मालोजी बांधावर उभा राहिला आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, “उद्या कुनाच्या शेतात?”

बैलाला मात्र तो पुढंही थँक्यूच म्हणत राहिला. बैलाला शेत नव्हतं.