चारठाण्याची लिंक

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चारठाण्याच्या बँक शाखेची लिंक रोज दुपारी तुटू लागली. तुटायची, थोड्या वेळाने आपोआप जुळायची आणि पुन्हा तुटायची. तेव्हा मी परभणीतल्या एका भाड्याच्या खोलीत बसून बँकेचं नेटवर्क सांभाळणाऱ्या कंपनीच्या रिमोट टीमचं काम करत होतो. तीन महिन्यांची चाचणी होती आणि तिचा शेवटचा महिना चालू होता. टिकलो तर नेटवर्क इंजिनिअर म्हणून कायम होणार होतो, नाहीतर नोकरी संपणार होती. फील्डवरच्या माझ्या जागी दुसरा माणूस आला होता, त्यामुळे परत जायला जागा नव्हती.

फील्ड इंजिनिअर ही या धंद्यातली पहिली पायरी. नाव इंजिनिअर, काम दुरुस्तीचं. मोटारसायकलवर एक सॅक, तिच्यात जादाचा राऊटर, केबलची टोकं बसवायचा पंच, मीटर आणि पाण्याची बाटली. बँकेच्या जिल्ह्यातल्या शाखांची लिंक बंद पडली की तिथे जायचं आणि चालू करून यायचं. चुडाव्याला रेल्वेने, बाकी सगळीकडे मोटारसायकलने. मी ते चार वर्षं केलं.

त्या चार वर्षांत एकट्याने चहा प्यायल्याचं आठवत नाही. लिंक बंद म्हणजे शाखेचं कामच बंद. गिऱ्हाईक बाकावर बसलेलं, कॅशियर हात बांधून बसलेला. मी पोचलो की सगळ्यांना बरं वाटायचं. काम झालं तरी लगेच निघता येत नसे. कुणाची बदली कुठे अडली, कुणाची मुलगी पोलीस भरतीसाठी पहाटे पळते, जिंतूरला कापसाला काय भाव फुटला, हे सगळं ऐकूनच उठायला मिळायचं.

परतीच्या वाटेवर झरी लागते. तिथे आमचं घर. चारठाण्याकडून किंवा बोरीकडून येताना मी घरी थांबायचो आणि आई भाकरी करता करता विचारायची, "आज कुटं गेल्तास?" मग दिवसभरात ऐकलेलं मी तिला सांगायचो. आई जिंतूरच्या पुढे कधी गेलेली नव्हती, पण चारठाण्याच्या शाखेतल्या शिपाई मामांच्या सुनेचं बाळंतपण कुठल्या दवाखान्यात झालं हे तिला माहीत होतं.

या मामांचा आणि माझा संबंध मुख्यतः एका खड्ड्यावरून आला.

प्रत्येक शाखेच्या मागे जमिनीत अर्थिंगचा खड्डा असतो. विजेचा नको असलेला दाब त्यातून जमिनीत उतरतो. जमीन ओली असेल तर नीट उतरतो, कोरडी असेल तर यंत्रांमध्येच राहतो, आणि मग राऊटर, प्रिंटर, सगळं मनाला येईल तसं बंद-चालू होऊ लागतं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यातली ओल पार खाली जाते. त्यामुळे मार्चपासून खड्ड्यात नियमाने पाणी घालावं लागतं. ज्या शाखेत ते घातलं जायचं, तिथे मागच्या बाजूला मे महिन्यातही हातभर हिरवं गवत दिसायचं. ते दिसलं की मी मीटर काढत नसे.

हे काम मी मामांना सांगितलं तेव्हा ते बादली घेऊन उभेच राहिले.

"मानसायला टँकरची वाट बघावं लागायली, अन् तुमच्या मशिनीला अभिषेक?"

"सोमवारी घालत जा मामा. लक्षातही राहील."

"म्हंजे सोमवारचा अभिषेक. गावात येवढी जुनी देवळं हायती, तिथं कवा पानी वाहिलं न्हाई म्या. हितं खड्ड्याला वाहतो."

पण त्यांनी ते सोडलं नाही. दर सोमवारी एक बादली. कॅशियर त्यांना पुजारी म्हणू लागला. मी गेलो की मामा आधी मला मागे नेऊन गवत दाखवायचे आणि मग चहा सांगायचे. निघताना कधी शेवग्याच्या शेंगा, कधी ओला हरभरा मोटारसायकलला बांधून द्यायचे. "आईला दे. तुला न्हाई, तू रस्त्यातच खाशील."

लिंक चालू केल्यावर ती टिकते का हे बघायला थोडं थांबावं लागतं. त्या वेळात मी अभ्यास करायचो. नेटवर्कची एक परीक्षा असते, ती पास झाल्याशिवाय वरची जागा मिळत नाही. मामा समोरच्या स्टुलावर बसून बघत राहायचे.

"काय वाचायलास? भरती निघाली का?"

"नेटवर्कची परीक्षा आहे, मामा."

"पास झाल्यावर काय व्हतंय?"

"एका जागी बसून सगळ्या शाखा बघता येतात. इथे यायची गरजच राहत नाही."

"मंग शेंगा कुनाच्या हाती धाडाव?"

दुसऱ्या प्रयत्नात मी पास झालो. पुण्याच्या कार्यालयातल्या टीम लीडरने व्हिडिओवर मुलाखत घेतली आणि फेब्रुवारीच्या अखेरीस मला रिमोट टीममध्ये घेतलं. घरून काम. अट अशी की इंटरनेटची दोन वेगवेगळी कनेक्शन हवीत आणि वीज जाता कामा नये. झरीत दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. म्हणून परभणीत खोली घेतली. एक टेबल, दोन स्क्रीन, हेडफोन, इन्व्हर्टर. मोटारसायकल खाली जिन्याशी लावली. पुढे तिच्यावर धूळ बसली आणि त्या धुळीत घरमालकिणीच्या नातवाने क्रिकेटच्या धावा लिहिल्या.

स्क्रीनवर शाखांना नावं नव्हती, क्रमांक होते. चालू लिंक हिरवी, बंद लिंक लाल. एका राज्यातल्या नव्हे, तीन राज्यांतल्या शाखा माझ्यासमोर होत्या. परभणी जिल्ह्यातले क्रमांक मात्र मला न बघता ओळखू यायचे.

पहिल्या दिवशी टीम लीडरने नियम सांगितले. फोनवर बोलायचा मजकूर ठरलेला आहे. समोर जो कोणी येईल त्याचा कर्मचारी क्रमांक आधी घ्यायचा. प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो, त्यातले काही ऐकून गुण दिले जातात. खासगी बोलणं केलं तर गुण कापले जातात.

"तू त्या भागात काम केलंयस, म्हणून तुला वेगळं सांगतो," ते म्हणाले. "ओळख दाखवायची नाही. ओळखीच्या माणसाला आपण क्रमांक विचारत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. एका ठिकाणी झालेला आहे. चाचणीत मी हेच बघणार."

नियम बरोबर होता. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

मार्च आणि एप्रिल असे गेले की दिवसभर मी बोलत असायचो आणि संध्याकाळी घसा दुखायचा, पण बोललेल्यातलं एकही वाक्य माझं नसायचं. नमस्कार, आपली काय मदत करू शकतो. कृपया थोडा वेळ थांबा. आणखी काही मदत हवी आहे का. डबा दारात ठेवून जाणारा माणूस घंटी वाजवून मी दार उघडेपर्यंत जिना उतरलेला असायचा. कॉल नसला की खोलीत इन्व्हर्टरची गुणगुण ऐकू यायची. टीममधली बाकी माणसं कुठे कुठे होती, नागपूर, इंदूर, हुबळी. त्यांच्याशी लिहून बोलणं व्हायचं आणि तेही क्रमांकांविषयी.

रविवारी झरीला जायचो. पहिल्या दोन रविवारी आईने सवयीने विचारलं, "कुटं कुटं गेल्तास?" मी म्हणालो, "कुठे नाही. खोलीतच होतो."

"मंग काम कवा केलंस?"

"खोलीत बसूनच करायचं असतं."

"घरी बसल्याचा पगार देतेत?" तिला ते पटलं नाही, पण पगार वाढला होता, त्यामुळे वाद घातला नाही. नंतर तिने विचारणं सोडलं. भाकरी करताना ती गप्प असायची आणि मीही. एकदा म्हणाली, "आधी तू आलास की चार गावं घरात येत व्हती."

मे महिन्यात चारठाण्याचा क्रमांक लाल होऊ लागला. पहिले दोन कॉल दुसऱ्यांकडे गेले. त्यांनी मजकुराप्रमाणे राऊटर बंद-चालू करायला लावला, केबल बदलायला लावली. नवा फील्ड इंजिनिअर जाऊन राऊटर बदलून आला. तो सकाळी गेला होता आणि सकाळी सगळं ठीक असायचं. दुपारी शाखेतले कूलर सुरू झाले की विजेचा भार वाढायचा आणि लिंक पुन्हा तुटायची. मी नोंदी बघितल्या. तार तुटत नव्हती. राऊटर स्वतःच बंद होऊन चालू होत होता. असं कशाने होतं हे मला माहीत होतं.

तिसरा कॉल माझ्याकडे आला. शाखेत नवे व्यवस्थापक आले होते. त्यांनी स्वतःचा क्रमांक सांगितला, समोर गिऱ्हाईक उभे असल्याचं सांगितलं आणि राऊटरचे दिवे बघायला फोन शिपायाकडे दिला. आतल्या खोलीकडे जाणाऱ्या चपलांचा आवाज आला. नंतर मामा म्हणाले, "हां, बोला."

"नमस्कार. कृपया आपला कर्मचारी क्रमांक सांगा."



"आरं, तू हायस का?" मामा म्हणाले. "आवाज वळखला म्या."

"कृपया आपला कर्मचारी क्रमांक सांगा."

"माजा नंबर तुलाच पाठ हाय की लेका. रजेचा अर्ज कोन भरून देत व्हतं? कुटं गेलास तू? आमची म्हातारी रोज इचारायली, त्या पोराचं लगीन झालं का काय, पत्रिका बी न्हाई दिली म्हनून."

मामा हसत होते. त्यांचा क्रमांक मला खरोखरच पाठ होता.

"सर, क्रमांक सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही."

हसणं थांबलं.

"सर," मामा म्हणाले. मग म्हणाले, "थांबा. कार्ड बगतो."

खिशातून कार्ड काढल्याचा आवाज आला. त्यांनी एकेक आकडा वाचला. सगळे बरोबर होते. मी आभार मानले, तेही मजकुरात होतं. त्यानंतर मी विचारायचं आणि त्यांनी सांगायचं असं चाललं. वरचा दिवा हिरवा हाय. खालचा लुकलुकायलाय. बटन बंद केलं. चालू केलं. आता दोन्ही हिरवे हायती. मजकुराचं पान संपलं.

पुढच्या पानावर अर्थिंगचा एक प्रश्न होता, पण तो फील्ड इंजिनिअरने जागेवर मोजून भरायचा होता, फोनवर विचारायचा नव्हता. मी विचारला.

"अर्थिंगच्या खड्ड्यात सध्या ओलावा आहे का?"



"न्हाई," ते म्हणाले. "अभिषेक बंद हाय. आवंदा पान्याची लय टंचाई हाय. नवे साहेब म्हनले, बादलीभर पानी खड्ड्यात कामून वततोस, प्यायला ठेव. त्यायचं बी खरं हाय. म्या सोडून दिलं." मग आवाज बारीक करून म्हणाले, "घालू का?"

"अर्थिंग नियमितपणे ओली ठेवणं आवश्यक आहे. तशी सूचना मी व्यवस्थापकांना ईमेलने पाठवतो आहे."

"बरं, साहेब. समजलं."

"आणखी काही मदत हवी आहे का?"

"न्हाई. काई न्हाई," मामा म्हणाले. "तुमी करा तुमचं काम."

फोन ठेवला गेला. मी व्यवस्थापकांना ईमेल पाठवली. हात धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणीही खड्ड्याला चालतं, एवढं एक वाक्य त्यात जास्तीचं लिहिलं. कॉल बंद करताना कारण निवडावं लागतं. दिलेल्या कारणांत अर्थिंगचं नव्हतं. मी 'इतर' निवडलं.

दुसऱ्या दिवशी लिंक दुपारी एकदा तुटली. तिसऱ्या दिवशी तुटली नाही. त्यानंतर तो क्रमांक हिरवा राहिला.

चाचणीच्या शेवटी टीम लीडरने काही कॉल ऐकले, त्यात चारठाण्याचा होता. त्यांनी व्हिडिओवर बोलावलं.

"हा माणूस तुला ओळखत होता?"

"हो. मी तिथे चार वर्षं जात होतो."

"त्याचा नंबर तुला माहीत होता?"

"पाठ होता."

"तरी विचारलास." त्यांनी काहीतरी टाइप केलं. "एक प्रश्न मजकुराबाहेरचा आहे, पण तांत्रिक आहे, म्हणून तो मी कापत नाही. नव्या मुलांना ट्रेनिंगमध्ये हाच कॉल ऐकवणार आहे. चालेल ना?"

मी चालेल म्हणालो.

त्या रविवारी झरीला गेलो. आई चुलीपुढे होती. बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःहून विचारलं, "चारठान्याचे मामा भेटतेत का रे? आवंदा शेंगा न्हाई आल्या."

"फोनवर बोलणं झालं."

"काय म्हनले?"

"पाण्याची टंचाई आहे म्हणाले."

"अन् त्यायची सून? लेकरू चालायला लागलं असंल की आता."

"ते विचारायचं राहिलं."

तिने भाकरी उलटली. मी तिला कायम झाल्यावर वाढणाऱ्या पगाराचं सांगितलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कायम झाल्याचं पत्र आलं. पदाच्या जागी नेटवर्क इंजिनिअर असं लिहिलेलं होतं. चारठाण्याच्या शाखेतून त्यानंतर कॉल आलेला नाही.